बाहेरून कडी

९ जानेवारी

मुंगे,

पत्र आईचं आहे. अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकशील, म्हणून वरचा पत्ता शिवणवालीकडून लिहून घेतलाय. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझा पत्ता किती वर्षं दाबून ठेवला होता. परवा मी तिच्या दुकानात ठाण मांडून बसले, गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा बिचारीने हात टेकले.

बाईसाहेब गेल्या. चार महिने झाले. शेवटी शेवटी त्या मला आपली बहीण समजायच्या, माझा हात सोडायच्या नाहीत. तुला वाईट वाटणार नाही हे मला माहीत आहे. मला वाटलं. एकतीस वर्षं त्यांच्या नुसत्या खोकण्यावरून मला कळायचं की पाणी हवंय की पांघरूण. एवढं मी कुणाचंच ओळखलं नाही, तुझंसुद्धा नाही.

त्यांच्या मुलाने घर एका संस्थेला देऊन टाकलं. तिथे आता संग्रहालय होणार आहे. दोनशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने हे घर बांधलं, त्याच्याकडे विकत घेतलेली माणसं होती म्हणे. गुलाम. आपल्याला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तू एकदा शाळेतून असं काहीतरी ऐकून आली होतीस, आणि मी तुझ्या तोंडावर हात ठेवला होता, कारण बाईसाहेब पलीकडच्या खोलीत होत्या.

मला ठेवून घेतलंय. संस्थेचे मुख्य आहेत, त्यांना सगळे साहेब म्हणतात. उंच आहेत आणि समोरच्याशी वाकून बोलतात. ते म्हणाले, "मावशी, या घराचा कोपरा न् कोपरा तुम्हाला पाठ आहे, तुम्ही हव्याच." कपाटं, झुंबरं, गालिचे यांची यादी झाली. यादीत माझं नाव नव्हतं एवढंच, बाकी घराबरोबर मीही गेले.

आता त्या खोलीचं. स्वयंपाकघरामागच्या आपल्या. जाताना तू दारात उभी राहून म्हणालीस, "त्या दाराबद्दल एकदा, फक्त एकदा खरं बोल आणि मग मला शोधायला ये." चौदा वर्षं ते वाक्य मी घेऊन फिरते आहे. पण मुंगे, मी तेव्हा सांगितलं तेच आजही सांगणार ना? लाकूड जुनं होतं. फुगायचं. दार अडकून बसायचं आणि मी कामात असायची, मला ऐकू यायचं नाही. यापेक्षा वेगळं काय सांगू?

तुझी मुलगी सात वर्षांची झाली असं शिवणवाली म्हणाली. पुढचे दात पडले का?

आई


२७ जानेवारी

मुंगे,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. आज एक गंमत सांगायची आहे, ती वाचून तरी हसशील.

मी दोन दिवस माझ्या बहिणीकडे जाऊन आले. परत येते तर आपल्या खोलीच्या दारात जाड दोरी बांधलेली, आत जायला बंदी. संग्रहालयाने लोकांना माहिती सांगायला एक मुलगी नेमली आहे. केस कापलेले, बोलणं चटचट. सगळे तिला गाईड म्हणतात, मीही म्हणते. ती माझा हात धरून मला दोरीपाशी घेऊन गेली.

"मावशी, तुम्हाला कल्पना आहे का, अख्ख्या घरात ही एकच खोली जशीच्या तशी राहिली आहे. कुणी हातच लावला नाहीये हिला."

मी आत पाहिलं. माझी लोखंडी खाट, वर घडी घातलेलं कांबळं. माझा टवका उडालेला पेला, ताटली, खुंटीवरचे माझे दोन कपडे, तडा गेलेला आरसा. जाताना मी सगळं जागच्या जागी लावून गेले होते, फोन आणि चष्मा माझ्याबरोबर होता. बल्ब तेवढा होता, तो नंतर कुणीतरी लावला असेल असं त्यांनी धरलं. आजकालचं कुणी माणूस अशा जागेत राहत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. साहेब तर म्हणाले, बाईसाहेबांनी इतिहासाची किती जाण ठेवून ही खोली जपली.

मी सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं, "अहो, ते माझं कांबळं आहे, रात्री मला थंडी वाजते." पण शरम वाटली. कोणाची शरम, ते काही ठरवता आलं नाही. गाईडने विचारलं, तुम्ही कुठे राहता मावशी? म्हटलं, इथेच, मागे. आता धुण्याच्या खोलीत अंथरूण टाकते.

पेल्यापुढे एक पाटी लावली आहे. "पेला. वापरणाऱ्या स्त्रीचे नाव अज्ञात." दर आठवड्याला तो पुसायचं काम माझ्याकडेच आहे. मी पुसते आणि टवका पाटीकडे करून परत ठेवते.

तू म्हणायचीस, "आई, आपण या घरातले कोण?" मी म्हणायची, "घरातलेच." बाईसाहेबही सगळ्यांना सांगायच्या, ही आमच्या घरातलीच. घरातली म्हणून पगार ठरला नाही आणि बाहेरची म्हणून जेवणाच्या टेबलाशी खुर्ची नव्हती. चप्पल तुटली की मागायची, चष्म्याचा नंबर वाढला की मागायचा. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही हेही लिहून ठेवते. फक्त मागताना मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची.

शेवटी साहेबांनी मला कडी दाखवली. म्हणाले, "हा सगळ्यात मोठा पुरावा. ज्या खोलीत माणूस राहतो त्या खोलीला कडी आतून असते. ही बाहेरून आहे. म्हणजे आत माणसं कोंडत होते." मग वाकून विचारलं, "तुम्हाला हिच्याबद्दल काही माहीत आहे का?"

मी म्हटलं, मी आले तेव्हापासून असेल.

असेल म्हटलं. होती असं म्हटलं नाही.

आई


१५ फेब्रुवारी

मुंगे,

सुतार आला होता. तुला लाकडी चकत्यांची गाडी करून देणारा. आता पाठीत वाकलाय, पण पेटी तीच. संस्थेने पाट्या ठोकायला बोलावलं होतं. आपल्या दाराशी आला, कडी बघितली आणि हसायला लागला.

"अगं, ही तर माझी कडी."

मी ओठांवर बोट ठेवलं. तो कुठला थांबतोय.

"हे स्क्रू बघ. हे काय दोनशे वर्षांपूर्वीचे? माझ्या पेटीतले आहेत. तूच नव्हतं का सांगितलंस, पोरगी जिन्यावरून पडेल, बाहेरून एक कडी बसवून दे म्हणून?"

तर हो. कडी मी बसवून घेतली. तू चार वर्षांची होतीस, पायाला भिंगरी होती आणि मागच्या जिन्याला कठडा नव्हता. मला सकाळपासून वर-खाली करावं लागायचं. कोणत्याही आईने हेच केलं असतं. आणि लावायची तरी कितीदा? क्वचित. फार तर पाहुणे असले म्हणजे.

पण सुताराने पुढे जे सांगितलं ते मी विसरून गेले होते, किंवा मनाआड केलं होतं. तो दारावरून बोटं फिरवत म्हणाला, "कडी माझी, पण भोकं माझी नव्हेत. आठवतंय का तुला? नवी पाडावीच लागली नाहीत. रंगाखाली आधीचीच चार होती, कुणीतरी बुजवलेली. मी नुसती टोकरली आणि माझे स्क्रू त्यात नेमके बसले."

त्या दिवशी मला ते सोयीचं वाटलं होतं. दाराला नवीन खाणाखुणा होणार नाहीत, बाईसाहेब काही विचारणार नाहीत. आपल्याआधी या दाराला इथेच कडी कोणी आणि कशासाठी लावली असेल, हे माझ्या मनात आलंच नाही.

आता दुसरं काही मनात येत नाही. दुपारी माणसं जेवायला जातात, घर सुनं होतं, तेव्हा मला कडीचा आवाज येतो. एकदाच, खट्ट. जाऊन बघते तर दार उघडंच असतं आणि कडी सरळ लोंबत असते, हलतसुद्धा नसते. मला भुताखेतांची भीती नाही, तुला माहीत आहे. पण तिथे कुणीतरी आताच उभं होतं असं वाटतं. माझ्याच उंचीची बाई. तिचं तोंड दिसत नाही, तीही दाराकडेच बघत असते.

मी विचार करते, दोनशे वर्षांपूर्वी ती कडी रोज कोण लावत असेल? गाईड म्हणते मालक. मला नाही पटत. मालक माणसं स्वतः उठून काही लावत नाहीत. घरातलीच कुणीतरी असणार, हाताखालची, विश्वासातली. जिला सांगावंही लागत नाही अशी.

गाईडला मी एकदा आडून विचारलं, "आमच्यासारख्यांचं आणि त्यांचं सारखंच का ग?" ती विचार करून बोलते, म्हणून मला आवडते. म्हणाली, "नाही मावशी. त्यांना बाजारात उभं करून विकलं. त्यांची मुलं त्यांच्यापासून तोडून विकली. पळाले तर मारलं. तुम्हाला पुढचं दार कायम उघडं होतं." मी म्हटलं, खरं आहे. दार उघडं होतं. पण जायचं तर कुठे, कोणाच्या ओळखीवर, काय हातात घेऊन? ज्या चष्म्यातून रस्ता दिसायचा तो चष्माही त्यांनीच घेऊन दिलेला. ती गप्प झाली. तिला गप्प करून मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की ही माझी जुनीच खोड, आपल्यावरचं दुसऱ्यावर ढकलायची.

आई


१० मार्च

मुंगे,

संग्रहालय सुरू झालं. लोक येतात, हळू आवाजात बोलतात, झुंबराखाली फोटो काढतात. पण सगळ्यात जास्त गर्दी आपल्या खोलीपाशी असते. साहेबांनी एक नवं काढलंय. ज्याला हवं त्याने एक मिनिट खोलीत एकट्याने बसायचं. दार लावायचं, बाहेरून कडी घालायची, मिनिट झालं की उघडायचं. लोकांना त्या काळाची कल्पना यावी म्हणून.

कडी लावायचं काम मला दिलंय. दाराशेजारी स्टूल आहे, हातात घड्याळ दिलंय. परवा गाईड म्हणाली, "मावशी, तुमचा हात किती हलका आहे, आवाजही होत नाही." मी म्हटलं, सवयीने. तिला वाटलं पंधरा दिवसांची सवय.

कडी आवाज न करता लावायची असेल तर दार आधी थोडं वर उचलावं लागतं. तुला ते आतून कळायचं का? दार जरासं उचललं जातंय हे?

बाहेर येणारे कुणी हसत येतात, कुणी नाक ओढत. एक गृहस्थ म्हणाले, "बाप रे, एका मिनिटात जीव गुदमरला." मला त्यांना विचारावंसं वाटलं की आणखी थोडं बसून बघता का.

काल एक बाई आत गेली. तुझ्या वयाची, खांद्याला पिशवी. मी दार उचललं, कडी लावली. बाकीचे आत गेले की खाकरतात, खाटेवर बसून बघतात, भिंतीवर टकटक करतात. ही काहीच करेना. आतून श्वाससुद्धा येईना. मिनिट झालं. मी कडीवर हात ठेवला आणि मुंगे, मला ती उघडता आली नाही. हात हलेना. माझ्या हाताखाली आणखी एक हात होता. खडबडीत, कढत, माझ्यासारखाच कामाचा. तो कडी धरून ठेवत होता की उघडायला बघत होता, ते मला सांगता येणार नाही. मी तशीच उभी राहिले. दुसरं मिनिट गेलं, तिसरं गेलं. मग आतून ती बाई अगदी हळू म्हणाली, "कुणी आहे का?"

मी ओ दिली नाही.

गाईड धावत आली, तिने मला बाजूला करून दार उघडलं. बाई रडत नव्हती. पांढरीफटक पडली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही इथेच होतात? मग उघडलं का नाही?"

हे तू मला कधी विचारलं नाहीस. चौदा वर्षांपूर्वी भांडलीस, तेव्हाही नाही. कडी कोणी लावली एवढंच विचारलंस. उघडली का नाही, हे विचारायची तुला भीती वाटली असेल.

मला बरं वाटत नाहीये. पुढचं दोन दिवसांनी लिहिते.

आई


१२ मार्च

मुंगे,

आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत धीर होणार नाही.

तू पाच वर्षांची असताना एकदा पाहुण्यांत शिरलीस आणि कुणाच्या तरी बशीतला तुकडा उचललास. सगळे हसले, बाईसाहेबही हसल्या. नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, पाहुणे असले की तिची काहीतरी सोय कर हं." बस, एवढंच. कोंड म्हणून त्यांनी सांगितलं नाही. त्यांना कधी कळलंही नाही. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, बहिणीकडे पाठवलीय. त्या म्हणाल्या, बरं केलंस. तेव्हापासून घरात पाहुणे आले की तू माझ्या बहिणीकडे असायचीस, आणि तीन भिंती पलीकडे कडीच्या आत असायचीस. ते क्वचित नव्हतं. दर महिन्याला होतं, कधी महिन्यातून चारदा.

जिन्याचं कारण खोटं नाही, पण तू सहा वर्षांची झालीस तेव्हा जिन्याला कठडा लागला होता. कडी मी काढली नाही.

आवाज करायचा नाही हे तुला मी शिकवलं. "आवाज केलास तर आपल्याला हे घर सोडावं लागेल." असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तशी समजूत करून घेतली आणि तीच तुझ्या डोक्यात भरली.

आता तो दिवस. तू सात वर्षांची होतीस. संध्याकाळी मेजवानी होती, म्हणून सकाळीच तुला आत ठेवलं, पाव आणि तांब्याभर पाणी दिलं. अकराच्या सुमाराला फोन आला की बाईसाहेबांची आई पडली. दुसऱ्या गावी. मेजवानी रद्द झाली. बाईसाहेब घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, "चल, बस गाडीत, तुझ्याशिवाय आईला कोणी उचलू शकत नाही." मी बसले. माझ्या मांडीवर बर्फाची पिशवी दिली. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "मुलगी बहिणीकडेच आहे ना? नशीब."

मी म्हटलं, हो.

चार तासांचा रस्ता होता. ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली. बर्फ वितळून माझे कपडे भिजले. मी एक वाक्य बोलायचं होतं, मुलगी खोलीत आहे. बाईसाहेबांनी तिथल्या तिथे गाडी फिरवली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या वाईट नव्हत्या. खोटं बोलले म्हणून एक दिवस रागावल्या असत्या. कदाचित काढलंही असतं, पण मला नाही वाटत. मग माझी जीभ कोणी धरली होती? मला कोणी विकत घेतलं नव्हतं. गाडीचं दारही उघडं होतं. तरी मी बसून राहिले, कारण एकतीस वर्षांत मी त्यांची गैरसोय कधी केली नाही आणि त्या दिवशीही करवली नाही. याला काय म्हणतात ते गाईडला ठाऊक असेल, मला नाही.

परत आलो ते दुसऱ्या दिवशी तीन वाजता. मी आधी गाडीतलं सामान आत नेलं. हेही लिहायला हवं. आधी सामान नेलं, मग तुझ्याकडे आले.

तू खाटेवर बसली होतीस. कपड्यांच्या सगळ्या घड्या घालून ठेवल्या होत्यास. तांब्यात घोटभर पाणी शिल्लक होतं, ते तू माझ्यासाठी ठेवलं होतंस. तू रडली नाहीस. म्हणालीस, "आई, मी आवाज केला नाही."

आणि मी म्हटलं, "शहाणी माझी ती."

मग म्हटलं, "दार अडकलं होतं बघ."

तुझ्या घरी न्हाणीघराला दार नाही, नुसता पडदा आहे, असं शिवणवालीने बोलता बोलता सांगितलं. तिला त्यात काही वाटलं नाही. मी तिच्या दुकानातून उठले ती घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही.

आई


२ एप्रिल

मुंगे,

त्यांना सांगितलं. साहेबांच्या खोलीत, गाईड आणि सुतार समोर असताना. खाट माझी, पेला माझा, कडी मी बसवलेली आणि आत माझी मुलगी. गाईड रडायला लागली. तिने पहिल्यांदाच माझं नाव विचारलं. सांगितलं, तर तिने दोनदा म्हणून बघितलं.

साहेबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग वाकून म्हणाले, "मावशी, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. हा परिस्थितीचा दोष आहे. तुम्हीही त्यात बळीच गेलात." माणूस मनाने चांगला आहे, मला मोकळं करायला बघत होता. पण मला तसं मोकळं व्हायचं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, परिस्थिती होती. ती मी नाकारत नाही. पण दार थोडं उचलून धरलं की कडी वाजत नाही, हे परिस्थितीने नाही शोधून काढलं. मी शोधून काढलं."

तेव्हा त्यांना वेगळीच कल्पना सुचली. म्हणाले, हे तर आणखी मोलाचं आहे, आपण पाटी बदलू, आणि तुम्ही रोज दोनदा हे लोकांना सांगा, तुम्हाला पगार ठरवून देऊ. एकतीस वर्षांनी माझा पगार ठरत होता, तोही याच्यावर. मी नाही म्हटलं. ही गोष्ट माझी नाही, माझ्या मुलीची आहे, आणि तिला सांगून झाली आहे.

कडी मागितली, तर साहेब म्हणाले ती आता संग्रहालयाच्या मालकीची. सुताराने पेटी उघडली. "कडी माझ्या पेटीतली, मी आणली होती," म्हणाला आणि त्यांच्यासमोर चारही स्क्रू काढले. म्हातारा आहे, त्याला कोण अडवणार? कडी माझ्या हातात दिली आणि विचारलं, भोकं बुजवू का? मी म्हटलं, नको. ती तिची आहेत, आमच्याआधीच्या बाईची.

साहेब खाली बसून त्या भोकांकडे बघत राहिले. स्क्रू गेल्यावर आतलं लाकूड दिसत होतं, काळंभोर, कडा झिजून गोल झालेल्या. माझ्या कडीने एवढ्या वर्षांत तेवढं झिजलं नसतं. गाईडने बोटाचं टोक त्यात घालून बघितलं आणि पटकन काढून घेतलं. आता ती लोकांना तेवढंच दाखवते, असं ऐकते. मिनिटभर कोंडायचं बंद झालं.

ती माझ्या उंचीची बाई मला निघतानाही दिसली नाही, पण आवाज आला. खट्ट. कडी तर माझ्या पिशवीत होती. मी वळून म्हटलं, "चल, येतेस का?" तिला जाता येत नव्हतं, आमच्यातला फरक तोच. मला जाता येत होतं आणि मी चौपन्नाव्या वर्षी गेले.

आता एका इस्त्रीच्या दुकानात आहे. दवाखान्याच्या चादरी येतात, ढिगाने. दुकानावरच खोली दिली आहे. दाराला कडी आतून आहे. मी ती लावत नाही, दाराशी एक वीट ठेवली आहे, दार उघडं राहावं म्हणून. पेला घेऊन आले, त्यातूनच चहा घेते. पत्ता पाठीमागे लिहिला आहे.

सोबत कडी पाठवते आहे. तिचं काय करायचं ते तुझं तू ठरव. दार अडकत नव्हतं, मुंगे. कडी मी लावत होते, आणि उघडताना तुझ्या तोंडाकडे बघत नव्हते.

तू म्हणाली होतीस, खरं बोल आणि मग मला शोधायला ये. तुझ्या घरची वाट शिवणवालीने मला नीट समजावून सांगितली आहे. मी येणार नाही. आजवर तुझं प्रत्येक दार बाहेरून मीच लावलं आणि मीच उघडलं. हे तुझं तू आतून उघड, नाहीतर उघडू नकोस.

आई

ता. क. चारही स्क्रू वेगळ्या पुडीत गुंडाळून वर चिकटपट्टी लावली आहे. टोकं धारदार आहेत, पाकीट उघडताना लेकीच्या हाताला लागू देऊ नकोस.